सिंदखेडच्या वाटेवरील एक दफ्तर

धावड्याहून निघालो तेव्हा रस्त्याच्या दोहों बाजूंस मिरचीची आणि मक्याची शेते लागली होती आणि उत्तरेस अजिंठ्याची डोंगररांग उन्हात निळसर दिसत होती. भोकरदन तालुक्याच्या या टोकापासून बुलढाण्याची शीव जवळच आहे. आज ती केवळ दोन जिल्ह्यांची शीव. परंतु १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केल्यापासून तिच्या अलीकडे निजामाचा अंमल आणि पलीकडे इंग्रजांचा, अशी विभागणी झाली, आणि ज्या घराण्यांची वतने व सोयरिकी दोहों अंगांस पसरलेल्या होत्या, त्यांच्या कज्जेखटल्यांचे कागद तेव्हापासून दोन निरनिराळ्या सरकारांच्या कचेऱ्यांत जमा होऊ लागले.

जायचे होते सिंदखेडराजास, लखुजी जाधवरावांचा वाडा पाहण्यासाठी. पण पूर्णा आणि खेळणा यांच्या संगमावरील जाफराबाद मागे टाकल्यावर एका देशमुखी वाड्यात थांबण्याचा योग आला, आणि माझ्या मनाने तो प्रवास तेथेच सार्थकी लागला. वृद्ध यजमानांनी माळ्यावरून लाकडी पेटारा उतरवून घेतला, त्यातील एक रुमाल सोडला आणि म्हणाले, “आमच्या पणजोबांनी बांधले तसेच आहे, बघा. आता मोडी वाचणारं घरात कोणी राहिलं नाही.”

वरचाच कागद एका शिवेच्या तंट्याचा महजर होता. माथ्यावर ‘श्री’, खाली बोरूने एका दमात ओढलेल्या रेघेला लोंबकळणारी मोडी अक्षरे, आणि शाईत बोरू पुन्हा बुडविला तेथे तेथे अकस्मात गडद झालेली ओळ. सालाचा अंक अरबी संख्यावाचकांत, शुहूर सनाप्रमाणे. आणि मजकूर संपल्यावर, ज्यांना अक्षर येत नव्हते अशा गोतमंडळींच्या निशाण्या, म्हणजे कुणब्याचा नांगर, वाण्याची तराजू. त्यांतील एक नांगर काढताना हात थरथरला असावा, कारण त्याचा फाळ दोनदा गिरवलेला होता. कोणत्याही बखरीत ज्याचे नाव यायचे नाही असा तो माणूस आपल्या गावाच्या हद्दीसंबंधी देवाब्राह्मणांसमक्ष साक्ष देऊन गेला, त्याचा एवढाच पुरावा पृथ्वीवर उरला आहे, आणि त्याच्या कडेस वाळवी लागली आहे.

देऊळगावराजावरून सिंदखेडास पोहोचलो तो दुपार कलली होती. राजवाड्याचा भव्य दरवाजा, मोती तलाव, लखुजीरावांची समाधी हे सर्व मी आदराने पाहिले. समाधीच्या परिसरात २०२४ साली पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती निघाली. दगडाचे हे भाग्य की शतके मातीखाली पडूनही तो आपली आकृती सोडत नाही. कागदाचे तसे नाही. १६२९ मध्ये दौलताबादेस निजामशहाच्या दरबारात लखुजीराव, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांची हत्या झाली. जिजाबाईंच्या माहेरावर कोसळलेल्या त्या अनर्थाची हकीकत शोधू गेल्यास शहाजहानच्या दरबारातील फारसी बादशाहनाम्याकडे वळावे लागते. एवढ्या थोर घराण्याचा घात परक्या लेखणीतून वाचावा लागतो, याचे मला फार वाईट वाटले.

इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी गावोगावचे असे पेटारे उघडवून १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ यांचा पहिला खंड काढला. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी पुढे पेशवे दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ भाग प्रसिद्ध केले. तथापि सरकारी दफ्तरास निदान छप्पर आणि चौकीदार असतो. घरगुती दफ्तर सुनेच्या साफसफाईत, वाटणीच्या भांडणात किंवा एका गळक्या पावसाळ्यात जाते. म्हणून परतताना मी पुन्हा त्या देशमुखांकडे उतरलो आणि पेटारा कोणास द्या असे न म्हणता, तो घरातच राहू देऊन प्रत्येक कागदाचे छायाचित्र घेण्याची व मोडीच्या जाणत्याकडून यादी करवून घेण्याची परवानगी मागितली. त्यांनी थोडा विचार केला, थोरल्या मुलास बोलावून त्याचे मत विचारले, आणि दिवाळीनंतर या म्हणून सांगितले.