स्पेलिंगचे गौडबंगाल

इंग्रजी म्हणजे वाघिणीचे दूध, असे लहानपणापासून ऐकत आले. पण या दुधात न बोलणारी अक्षरे कुणी मिसळली, हे मात्र कुणी सांगितले नाही! आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे इंग्रजी कागद आला की तो माझ्यापुढे येतो. अशाच एका कागदावर ‘डेट’ हा शब्द भेटला. तारखेचा नव्हे, कर्जाचा. डी-ई-बी-टी. यातला ‘बी’ कुणी उच्चारत नाही. मग तो तिथे कशाला?

हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्यात ‘बी’ नव्हता. पुढे पंडितांना त्याचे लॅटिन मूळ ‘डेबिटम’ आठवले आणि ते दाखवण्यासाठी ‘बी’ घुसडला गेला. उच्चार जुनाच राहिला. कर्ज काढणाऱ्याला याचे नवल वाटायचे नाही. मुद्दलामागे न बोलता काहीतरी चिकटतेच! ‘आयलंड’मधला ‘एस’ तर निव्वळ गैरसमजाने शिरला. ‘आइल’ या वेगळ्या कुळातल्या शब्दाशी त्याचे नाते जोडले गेले, आणि तो कायमचा पाहुणा होऊन बसला.

आपली देवनागरी पुष्कळशी उच्चाराच्या मागे चालते. ऐकावे तसे लिहावे, ही आपल्या हाताची सवय. इंग्रजीत १४७६ साली विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. त्यानंतर छापील स्पेलिंग हळूहळू ठरत गेले, बोलणे मात्र बदलत राहिले. ‘नाइट’ म्हणजे सरदार, त्यातला ‘के’ एके काळी उच्चारला जाई. आज तो मुका आहे. तेव्हा ऐकून लिहिणारा चुकला, तर त्यात त्याच्या बुद्धीचा दोष किती आणि इतिहासाचा किती?

हे सारे लिहिण्याचे कारण निराळेच आहे. गेल्या वर्षी वर्गातल्या एका मैत्रिणीने फी-सवलतीचा अर्ज लिहिला. ‘प्रिन्सिपल’च्या शेवटी पी-ए-एल असेल तर प्राचार्य किंवा मुद्दल, पी-एल-ई असेल तर तत्त्व. तिने दुसरे लिहिले. एकाने तो अर्ज मोठ्याने वाचून विचारले, “काय गं, तत्त्वाकडे सवलत मागतेस?” सारे हसले. त्या दिवसापासून इंग्रजीच्या तासाला तिने तोंड उघडलेले नाही. एका शब्दाच्या शेपटीपायी एक बोलकी मुलगी मुकी झाली!

हसणाऱ्यांना एवढेच विचारावेसे वाटते : शेक्सपिअरच्या ज्या सहा सह्या अस्सल मानल्या जातात, त्यांतही नावाचे स्पेलिंग एकसारखे नाही. त्याला कोण हसले? डॉ. जॉन्सनचा शब्दकोश आला १७५५ साली. अमेरिकेत वेब्स्टरने १८२८च्या कोशात ‘कलर’मधला ‘यू’ गाळला आणि तिकडे तेच शुद्ध ठरले. आपल्या मराठीचे शुद्धलेखनाचे नियमही १९६२ साली चौदा होते, १९७२ साली त्यांत चार वाढले. तरी ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत आपण सर्रास गोंधळ घालतो. दिवसाचा गरीब होतो, पण कुणाला हसू येत नाही. म्हणजे हसू चुकीचे नसते, ते इंग्रजी न येण्याचे असते.

म्हणून काय वाटेल तसे लिहावे? मुळीच नाही. अर्जावर, उत्तरपत्रिकेत एक अक्षर अर्थ फिरवते. मोबाइलवरही सारा भार टाकता येत नाही. दोन्ही शब्द शुद्ध असले तर कोणता हवा, हे त्याला दर वेळी कळतेच असे नाही. पण पाठांतरापेक्षा कारण कळले की शब्द लक्षात राहतो. मध्ययुगात ‘स्टेशनर’ म्हणजे एका जागी दुकान थाटून पुस्तके विकणारा, फिरता विक्रेता नव्हे. त्याच्या नावातला ई-आर कागद-शाईच्या ‘स्टेशनरी’त आला; जागेवर उभे राहण्याच्या शब्दात ए-आर. ‘ॲडव्हाइस’ सी घेऊन नाम, ‘ॲडव्हाइज’ एस घेऊन क्रियापद.

वसतिगृहात आम्ही चौघींनी अशा जोड्यांची एक वही केली आहे. डावीकडे शब्द, उजवीकडे त्याची हकीकत. ‘प्रिन्सिपल’चे पान त्याच मैत्रिणीने लिहिले आहे. वही कुणालाही मिळेल. अट एकच, वाचताना कुणाला हसायचे नाही.