अबेझच्या खुंट्या

अबेझ. रशियाच्या कोमी प्रांतातलं, उसा नदीकाठचं खेडं. उत्तर ध्रुववृत्त इथून जेमतेम काही किलोमीटर. वोर्कुताच्या कोळशासाठी टाकलेली रेल्वे गावावरून जाते. तीही कैद्यांनीच बांधलेली. पुढे इतर छावण्यांत निकामी झालेले म्हातारे, क्षयी, लुळेपांगळे इथे आणून टाकू लागले. दफनभूमी वाढत गेली ती त्यामुळे.

*

१९४८ साली सोव्हिएत सरकारने राजकीय कैद्यांसाठी खास छावण्या काढल्या. नावं काय, तर खनिज, नदी, तलाव, वाळू, कुरण. चौथीच्या भूगोलाची अनुक्रमणिका वाटावी. अबेझ 'खनिज'मध्ये. कैद्यांच्या कपड्यांवर नंबर शिवलेले असत.

*

मेल्यावरही नाव नाही. थडग्यावर लाकडाची खुंटी, तिच्यावर एक अक्षर आणि एक आकडा. कुठल्या खुंटीखाली कोण, हे दफ्तरात. म्हणजे यांना बेवारस म्हणता येत नाही. वारस होते, नोंद होती, फक्त दोघांची गाठ पडू द्यायची नव्हती. बेवारशी प्रेताचा पंचनामा तरी चारचौघांसमोर होतो.

*

लेव कार्साविन. जन्म १८८२, सेंट पीटर्सबर्ग. मध्ययुगाचे इतिहासकार, तत्त्वज्ञ. धाकटी बहीण तामारा निजिन्स्कीच्या जोडीने नाचणारी, बॅले जगतात गाजलेली. १९२२ साली लेनिनने नको असलेले विद्वान बोटीत घालून देशाबाहेर काढले, त्यात हेही. बर्लिन, पॅरिस करत १९२८ साली लिथुआनियात कौनासला प्राध्यापक झाले. चाळिशी उलटल्यावर लिथुआनियन शिकून त्या भाषेत युरोपीय संस्कृतीचा इतिहास लिहिला, तोही खंडच्या खंड. १९४० साली सोव्हिएत फौजा लिथुआनियात आल्या. ज्या देशाने हाकललं तोच घरी चालत आला! १९४९ साली अटक. २० जुलै १९५२ला अबेझमध्ये क्षयाने मृत्यू.

*

आता बाटलीची गोष्ट. छावणीत शवविच्छेदनाचं काम शिमकूनास नावाच्या लिथुआनियन डॉक्टरकडे होतं. तोही कैदीच. कार्साविन गेल्यावर तो अनातोली वानेयेवकडे आला. वानेयेव तिशीतला कैदी, कार्साविनांचा तिथल्या तिथे झालेला शिष्य. डॉक्टर म्हणाला, यांच्याबद्दल चार ओळी लिहून दे. कागद छोट्या बाटलीत घालून झाकण घट्ट लावलं आणि विच्छेदनाच्या वेळी बाटली प्रेताच्या पोटात ठेवून वरून टाके घातले. लाकूड कुजेल, दफ्तर जळेल. कधी कुणी उकरलंच, तर हे कोण ते काच सांगेल, असा हिशेब.

कितीदा आठवलं तरी मी त्या टाक्यांपाशी थांबतो. रोजचंच काम, रोजचाच दोरा. शेजारी कुणी उभं असेल तर त्याला काही वेगळं दिसलंही नसेल.

*

पिंखस कहानोविच हे यिद्दिश लेखक 'देर निस्तर' या नावाने लिहीत. अर्थ : लपलेला. जून १९५०मध्ये इथेच, शस्त्रक्रियेनंतर वारले. टोपणनाव इतकं खरं होऊ नये.

*

निकोलाय पूनिन, कलासमीक्षक. कवयित्री आना आख्मातोवाच्या आयुष्यातली दीडेक दशकं यांच्यासोबत गेली. शिक्षा दहा वर्षं. ५ मार्च १९५३ला स्टालिन मेला, महिनाअखेर माफी जाहीर झाली. पण राजकीय कैद्यांपैकी ती लागू झाली फक्त पाच वर्षांपर्यंतची शिक्षा असलेल्यांना. पूनिन २१ ऑगस्टला गेले. खुंटीवर रशियन 'ख' आणि ११.

पीटर्सबर्गला फोंतांका नदीकाठच्या त्यांच्या घरात आता आख्मातोवाचं संग्रहालय आहे. आत शिरताच पूनिनांचा ओव्हरकोट टांगलेला दिसतो. तो ज्याला टांगला आहे, मराठीत त्यालाही खुंटीच म्हणायचं.

*

दफनभूमीत लिथुआनियाने १९९० साली मोठा क्रॉस उभारला. आधी गावातल्याच एका माणसाने जुन्या नोंदी आणि खुंट्या जुळवत थडगी ओळखायला घेतली होती. सरकारी हुकूम नाही, पगार नाही. अशा कामाला आपल्याकडे 'रिकामे उद्योग' म्हणतात.

*

वानेयेव सुटला. आपल्या गुरूबद्दल, त्या बाटलीबद्दल 'अबेझमधली दोन वर्षं' हे पुस्तक लिहिलं. ते ब्रसेल्सला छापलं गेलं, १९९० साली. वानेयेव १९८५मध्येच वारला होता.