वजन कुठे पडतं

पहिल्या अल्बमात वादकाला सहसा धीर नसतो. हाताला येतं तेवढं सगळं त्याला तिथंच वाजवून मोकळं व्हायचं असतं. तबला-ड्रम वाजवणाऱ्या त्रिलोक गुर्टूचं तसं झालं नाही. ‘उस्फ्रेट’ हा त्याच्या नावावरचा पहिला अल्बम १९८८ साली आला, तेव्हा तो पस्तिशी ओलांडून गेला होता. चार्ली मारियानो, डॉन चेरी अशा जॅझच्या मोठ्या मंडळींबरोबर वाजवून झालं होतं. १९८४मध्ये कॉलिन वॉलकॉट अपघातात गेला, त्यानंतर ‘ओरेगॉन’ या बँडमधली त्याची जागा त्रिलोकनं घेतली होती. हात दाखवायची हौस एव्हाना फिटली असावी. आपला अल्बम करायची वेळ आली तेव्हा त्यानं आईला गायला बसवलं.

आई म्हणजे शोभा गुर्टू. मूळच्या भानुमती शिरोडकर, जन्म बेळगावचा, १९२५चा. त्यांच्या आई मेनकाबाई नाचात आणि गाण्यात दोन्हीकडे मुरलेल्या, अल्लादियाखाँसाहेबांची तालीम घेतलेल्या. सासरे नारायणनाथ गुर्टू सतारिये. आमच्या अफजलपूरपासून बेळगाव तसं लांबच, पण नकाशानं कर्नाटकात टाकलेल्या मराठी घरांचं एक आपसातलं नातं असतं. रेडिओवर सोलापूर केंद्र लावून शोभाताईंची ठुमरी ऐकताना ‘आपल्या तिकडची बाई’ असं कौतुक आमच्या घरात हटकून व्हायचं. याच बाई डॉन चेरीच्या ट्रम्पेटशेजारी, एल. शंकरच्या व्हायोलिनशेजारी, योनास हेलबोर्गच्या बासवर गातात हे मला फार उशिरा कळलं. त्या अल्बममधल्या एका तुकड्याचं नावच ‘शोभारॉक’ आहे. आईच्या नावाला रॉक चिकटवायची हिंमत पोटच्या पोरालाच व्हायची.

अशा सरमिसळीच्या संगीताबद्दल बोलताना लोक वाद्यं मोजत बसतात. सतार आली, गिटार आली, झालं फ्युजन. मला विचाराल तर आधी बघावं वजन कुठे पडतं. फंकमध्ये सगळा जोर पहिल्या मात्रेवर. जेम्स ब्राउन आपल्या वादकांना त्या ‘एक’साठी धारेवर धरायचा. आमच्या भजनी मंडळाला हे समजावून सांगावं लागत नाही, कारण समेवर यायचं म्हणजे काय ते टाळ धरायला शिकलेल्या पोरालाही कळतं. सांबाचं उलटं. तिथला सुर्दो नावाचा मोठा ढोल दुसऱ्या मात्रेवर घुमतो, पहिली जरा हलकी सोडतो, म्हणून पाय सारखा पुढे पडायला बघतो. रिओच्या ‘अझिमुथ’ या तिघांनी १९७५च्या आपल्या पहिल्या अल्बमात हे दोन्ही जोर एकत्र नांदवले आणि वर जॅझचा कीबोर्ड सोडला. ऐकताना दोन जोरांची ओढाताण जाणवते आणि खरी मजाही त्या ओढाताणीतच असते.

ठुमरीतही अशी एक जागा आहे. गाणारी सावकाश बोल आळवत असते, एकेका शब्दाची मनधरणी चाललेली असते, तबला मागे मुकाट ठेका धरून. मग शेवटाकडे तबल्याला मोकळीक मिळते आणि लग्गी सुटते. चाल दुप्पट, बोटं उधळलेली, बाई मात्र मुखड्यावर शांत. दोन वेगांची माणसं एका समेला बांधलेली. हे ज्यानं लहानपणापासून घरात ऐकलं, त्या त्रिलोकला फंक परका का वाटावा? तबल्याची तालीम त्याला आईनंच लावली होती. पुढे ड्रमसेटकडे वळला तेव्हा विलायती रेकॉर्डी ऐकून शिकला. एकावर एक थर चढवून ध्वनिमुद्रण करतात हे त्याला ठाऊक नव्हतं, त्यामुळे ऐकू येईल तेवढं सगळं एकट्यानं वाजवायचं असतं असं तो समजला. हे त्यानंच पुढे सांगितलंय. अडाणीपणाचा इतका फायदा क्वचित कुणाला झाला असेल.

त्याची बैठकही न्यारी. स्टूल नाही. जमिनीलगत गुडघा टेकून बसायचं, एका अंगाला तबला, दुसऱ्या अंगाला ड्रम आणि झांजा. शेजारी पाण्याची बादली. धातूची वाद्यं वाजवून तो त्या पाण्यात बुडवतो, तेव्हा सूर वाकतो आणि खाली घसरत जातो. आमच्याकडे मिरवणुकीआधी हलगीवाले पाचोळा पेटवून कातडं शेकतात. ऊब लागली की चामडं ताणतं, आवाज चढतो. वाजवता वाजवता सैल पडलं की पुन्हा जाळाकडे. वाद्याचा सूर आगपाण्यानं हलवणं ही मोठ्या स्टुडिओतली करामत वाटते तितकी नवलाईची नाही. हल्ली जत्रेत डीजेच्या भिंती उभ्या राहिल्यापासून हलगीचा जाळ तेवढा कमी दिसतो.

गाणगापूरला संगमावर पारायणाला येणाऱ्या एका म्हाताऱ्या मृदंगवाल्यांना मी मुद्दाम फोनवर ‘उस्फ्रेट’ ऐकवला. डोळे मिटून, मांडीवर बोटं टाकत ऐकलं. मध्ये एकदा बोटं थांबली, चुकल्यासारखी, आणि पुढच्या आवर्तनात बरोबर पकडून चालू लागली.

“सम सोडली नाही बघा पोरानं,” ते म्हणाले. “बाई कुठली?”

“बेळगावची.”

“हां, मग बरोबर.” थोडं थांबून म्हणाले, “पुन्हा लावा. पण ते खालनं दुम दुम करतंय ते जरा बारीक करा. बाईच्या आड येतंय.”

हेलबोर्गचा बास जगभर नावाजलेला, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. फोनवर तेवढाच एक आवाज कमी करता येत नाही, हे पटवण्यात मात्र माझी अर्धी दुपार गेली.