चॉकलेटच्या गावचा भंगार बाजार

वाचकहो, खरसुंडीच्या यात्रेतला खिलार जनावरांचा बाजार तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. उपरण्याखाली बोटे धरून सौदा चाललेला, कुणी दात पाहतो आहे, कुणी खूर पाहतो आहे, आणि घ्यायचे काही नसताना नुसते हिंडणारे माझ्यासारखे चौपट. अगदी तसाच एक बाजार मी सातासमुद्रापलीकडे पाहिला. फरक एवढाच, की तिथे सबंध जनावर क्वचित मिळते. कुणी नुसते शिंग विकायला आणतो, कुणी खूर, कुणी शेपटी. आणि घेणारा दहा-दहा वर्षे हिंडून त्यातून एक धावता बैल उभा करतो! थट्टा नव्हे. बैलाच्या जागी मोटार घाला म्हणजे झाले.

त्याचे असे झाले. २०२३ साली थोरल्या मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही उभयता अमेरिकेत गेलो. ऐन ज्वारीच्या पेरणीत कृषी विस्तार अधिकाऱ्याने रजा घ्यावी हे काही बरे नव्हे, पण नातवाला पेरणी-कापणी कुठली कळते? मुलीचे बिऱ्हाड पेनसिल्व्हेनिया राज्यात हॅरिसबर्ग शहराच्या जवळ आहे. सौभाग्यवती बाळाच्या न्हाऊ-माखूत रमल्या आणि मी खिडकीशी बसून कंटाळलो. ते पाहून जावई म्हणाले, "मामा, चला, तुम्हाला एक बाजार दाखवतो. पण कांदे-बटाटे मिळायचे नाहीत हं."

हर्षी हे ते गाव. गाडीने जेमतेम अर्धा तास. ऑक्टोबरची कोवळी थंडी, दोहो बाजूंना वाळलेला उभा मका, पिवळे पडलेले सोयाबीन, मधूनच उंच सायलो आणि काळ्या-पांढऱ्या होल्स्टीन गाई. मी जावईबापूंना दोनदा गाडी थांबवायला लावली आणि कणीस सोलून दाणे मोजले. खोड जाते, पण खोडी जात नाही.

हे गाव चॉकलेटचे. मिल्टन हर्षी नावाच्या गृहस्थाने १९०३ साली इथे कारखान्याची उभारणी सुरू केली ती मुख्यतः एका कारणाने: आसपास दूध मुबलक होते. म्हणजे मोठमोठी शहरे सोडून कारखाना गाईच्या दाराशी आला. आपल्याकडे साखर कारखाना उसाच्या दाराशी आला, तसेच. गावच्या मुख्य रस्त्याचे नावच चॉकलेट अव्हेन्यू आणि त्यावरचे दिवेसुद्धा चॉकलेटच्या गोळीच्या आकाराचे.

या गावात १९५५ पासून ऑक्टोबरात जुन्या मोटारींच्या शौकिनांचा मेळा भरतो. त्यांची संस्था १९३५ सालची, फिलाडेल्फियात स्थापन झालेली. मेळ्याला जोडून सुट्या भागांचा बाजार असतो. हजारो पाले! मैदानांना रंगांची नावे, एकाचे नाव तर चॉकलेट मैदान. मांडलेला माल बघाल तर म्हणाल, आपल्या तालुक्याच्या भंगारवाल्याने दुकान पालथे केले की काय! गंजलेले एक्सल, वाकलेले मडगार्ड, लाकडी आऱ्यांची चाके, डबाभर जुने नट-बोल्ट, पितळी दिवे, पाट्यांचे जुडगे. आणि त्यापुढे उकिडवी बसलेली, डोळ्याला भिंग लावून बोल्टचे आटे मोजणारी सत्तरीची माणसे. कुणी ढकलगाडी ओढतो आहे, कुणाच्या पाठीवर पाटी लिहिलेली आहे की अमक्या सालच्या गाडीचा अमका भाग हवा आहे. आपल्याकडे मुलीला स्थळ पाहताना लोक इतकी चौकशी करीत नाहीत.

या ढिगाऱ्यात सर्वांत जास्त पसारा दिसला तो फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडीचा. तिची थोडी माहिती सांगतो, कारण ही गाडी मुळात शेतकऱ्याची होती. हेन्री फोर्ड स्वतः मिशिगनमधल्या शेतकऱ्याचा मुलगा. १९०८ ते १९२७ या एकोणीस वर्षांत त्याने या जातीच्या दीड कोटी गाड्या काढल्या. सुरुवातीला किंमत ८५० डॉलर होती, ती उतरत १९२५ साली दोन आसनी गाडी २६० डॉलरला मिळू लागली. चार सिलिंडर, वीस अश्वशक्ती, चाल ताशी ६५ ते ७० किलोमीटर. पाण्याला पंप नाही. गरम पाणी आपोआप वर चढते आणि गार होऊन खाली येते. पेट्रोलला पंप नाही; टाकी सीटखाली आणि तेल आपल्या वजनाने खाली उतरते. त्यामुळे टाकीत तेल कमी असले तर उभी चढण उलट्या गिअरमध्ये, पाठमोरी चढावी लागे! शेतकऱ्याने या गाडीकडून काय करून घेतले नाही? मागचे चाक जॅकवर उचलायचे, पट्टा चढवायचा, की झाली लाकडे कापायची करवत, झाला पाण्याचा पंप, झाली दाणा भरडायची गिरणी. आमच्या विस्तार खात्याचे तिकडचे भाईबंद १९१४ च्या कायद्याने गावोगाव नेमले गेले. पुढे खेड्यापाड्यांतून हिंडायला त्यांनाही हीच फोर्ड उपयोगी पडली.

आता 'स्पीडस्टर' म्हणजे काय? त्या काळी स्टुट्झ, मर्सर या कंपन्यांच्या शर्यतीच्या थाटाच्या गाड्या निघत. त्यांची किंमत दोन हजार डॉलरच्या घरात. शेतकऱ्याच्या पोराला त्या कुठून परवडणार? मग तो जुनी फोर्ड घेई, तिचे जड टप आणि दारे उतरवी, दोन बसक्या खुर्च्या बसवी, सुकाणूचा दांडा खाली कलता करी आणि खुर्च्यांच्या मागे पिंपासारखी आडवी टाकी बांधी. अंग हलके, चाल तेज. इंजिनाला जोर आणणारी खास हेड बाजारात विकत मिळत. असले हेड बसवलेली एक फोर्ड १९२३ साली इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत, खास शर्यतीसाठी घडवलेल्या महागड्या गाड्यांच्या रांगेत, पाचवी आली होती. बैलगाडीची धुरा मोडून शर्यतीचा छकडा करतात ना, तोच हा प्रकार समजा.

एका पालापुढे मी थबकलो. एक म्हातारबाबा दोन ब्रेकचे ड्रम हातात घेऊन वजन केल्यासारखे वर-खाली करीत होते. अंगात निळी डगलीवजा पँट, नखांत ग्रीस. जावयांनी ओळख करून दिली, की हे माझे सासरे, भारतात शेतीखात्यात आहेत. म्हाताऱ्याचे डोळे लकाकले. तेही दुग्धव्यवसायातले, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. गाई आता मुलगा पाहतो आणि हे नातवाला हाताशी धरून स्पीडस्टर जुळवीत आहेत. आमची घटकाभर मक्यावर, दुधाच्या दरावर आणि पावसावर चर्चा झाली. जगात कुठेही जा, शेतकऱ्याला दुधाचा दर पुरत नाही. शेवटी ते म्हणाले, "उद्या घरी या. कागदावर सांगण्यासारखी गोष्ट नाही ती."

दुसऱ्या दिवशी गेलो. लाल रंगाची मोठी लाकडी कोठी, शेजारी धारांचा गोठा. वाटेत आमिश पंथाच्या लोकांची घोडागाडी लागली. ती मंडळी आजही घोड्या-खेचरांनी नांगरतात. कोठीत ती गाडी उभी होती. रंग नाही, पत्रा नाही. सांगाडा, इंजिन, दोन खुर्च्या.

म्हातारबाबा प्रत्येक भागाची कुळकथा सांगू लागले. चासी त्यांच्या चुलत्याच्या रानात ओढ्यावर साकव म्हणून आडवी पडली होती. पुढचा एक्सल गवताच्या गाड्याला लावलेला होता. इंजिन एका लाकडाच्या वखारीत करवत चालवून चालवून थकले होते. रेडिएटर हर्षीच्या बाजारात घेतला, तो चार वर्षे शोधल्यावर. मी विचारले, "इतक्या ठिकाणचे भाग एकमेकांना बसले कसे?" ते हसून म्हणाले, "फोर्डची करामत तीच. हजारो कारागिरांनी केलेला भाग, पण माप एक. १९१५ सालचा बोल्ट १९२५ सालच्या गाडीला लागतो." फोर्डची खरी ताकद मोटार नव्हे, तिचे सारखे माप, हे मला तिथे उमगले. आपल्याकडे दोन गावच्या लोहारांची पास सुद्धा एका कुळवाला बसत नाही.

मी विचारले, "मग अडले कुठे?" त्यांनी कालचे ड्रम दाखवले. या गाडीचा मुख्य ब्रेक चाकांना नसतो, गिअरच्या पेटीत असतो. मागच्या एक्सलमध्ये बॅबिट या मऊ धातूच्या चकत्या असतात. शंभर वर्षांत त्या भुगा होतात. त्या फुटल्या की आतले दाते एकमेकांपासून सुटतात, आणि मग पायाने कितीही दाबा, गाडी उतारावर मोकळ्या बैलासारखी सुटते. म्हणून म्हातारबाबांनी आधी काशाच्या चकत्या घातल्या आणि आता मागच्या चाकांना बाहेरून ब्रेक बसवीत होते. नातू सारखा म्हणत होता, की हेड आधी आणू, वेग वाढवू. आजोबांचे उत्तर एकच, "पळायचे कसे ते कुणीही सांगेल. थांबायचे कसे ते आधी."

मग ते म्हणाले, "चालू करून बघता?" आणि पुढचे हँडल माझ्या हाती दिले. "डाव्या हाताने, खालून वर ओढा. आणि अंगठा..." ते बोलता बोलता थांबले. माझा अंगठा आधीच चार बोटांच्या बाजूला होता, दांड्याला वेढा घातलेला नव्हता. हँडल उलटे मारले तर वेढा घातलेला अंगठा मोडतो, मनगट मोडते. म्हाताऱ्याने विचारले, "कुणी शिकवले?" मी म्हणालो, "वडिलांनी." दुसऱ्या ओढीला इंजिन लागले. लाकडी पेटीतल्या चार कॉइली भुंग्यांसारख्या गुणगुणू लागल्या आणि सगळी कोठी हादरू लागली. त्यांनी मला बसवून शेताच्या सपाट वाटेने फाटकापर्यंत नेले आणि तिथून परत फिरवले. फाटकाबाहेर नाही. ब्रेक अजून व्हायचे होते.

परतल्यावर त्यांनी सहज विचारले, "तुमच्या वडिलांचे इंजिन आता कुठे असते?"

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. ते तुम्हाला देतो.

१९७२ च्या दुष्काळानंतर आमच्या आण्णांनी कर्ज काढून विहीर खोल केली आणि तीवर पाच अश्वशक्तीचे ऑइल इंजिन बसवले. आम्हा भावंडांची शिक्षणे, माझी बी.एस्सी. ॲग्रीसुद्धा, त्या इंजिनाच्या पाण्यावर झाली. १९८६ ला विजेची मोटार आली आणि इंजिन लिंबाखाली जाऊन बसले. आण्णा अधूनमधून त्याला तेल घालीत, फडक्याने पुशीत. १९९८ साली घराची डागडुजी काढली, तेव्हा मी ते इंजिन भंगारवाल्याला वजनावर देऊन टाकले. आण्णा बाजाराला गेले होते. शेतकऱ्यांना आधुनिक व्हा म्हणून सांगणारा मी अधिकारी. अडगळ गेली म्हणून मला बरेच वाटले. संध्याकाळी आण्णा आले. लिंबाखाली तेलाचा काळा डाग तेवढा उरला होता. ते उभे राहून पाहत राहिले आणि एवढेच म्हणाले, "हँडल पण दिलेस काय रे?"

हँडल दिले नव्हते. ते दारामागे होते, म्हणून राहिले. आण्णांनी ते पुसून खुंटीला अडकवले. २००९ साली आण्णा गेले. हँडल अजून त्याच खुंटीला आहे.

मी त्या दिवसापर्यंत समजत होतो, की मी लोखंड विकले. म्हाताऱ्याच्या कोठीत कळले, की लोखंड पुन्हा मिळते. ओढ्यावर मिळते, वखारीत मिळते. पण कुठला भाग कुठे बसतो, त्याचा आवाज बिघडला म्हणजे काय झाले, अंगठा कुठे ठेवायचा, हे ज्याला ठाऊक त्याला मी त्या इंजिनाबरोबरच मोकळे केले. त्यानंतर अकरा वर्षे आण्णा होते, आणि मी त्यांना त्या इंजिनाबद्दल एक प्रश्न विचारला नाही.

म्हणून अधिकाऱ्याच्या सवयीने दोन गोष्टी सांगतो, रागावू नका. घरातले जुने यंत्र वा अवजार मोडीत काढण्यापूर्वी ते ज्याने वापरले त्या माणसाला विचारा. ठेवायचे ठरले तर पावसापासून झाका, उघड्या भागांना ग्रीस लावा, सुटे नट-बोल्ट डब्यात घालून वर चिठ्ठी लिहा. आणि द्यायचेच ठरले, तर देण्याआधी एक संध्याकाळ घरच्या म्हाताऱ्यापाशी नातवाला वही घेऊन बसवा. यंत्र जाईल, वही राहील.

मी स्वतः परत आल्यापासून तसल्या इंजिनाच्या शोधात आहे. भंगाराच्या दुकानासमोर मोटारसायकल आपोआप थांबते आणि घरची मंडळी हसतात. अजून इंजिन मिळालेले नाही. तुमच्या विहिरीवर, लिंबाखाली एखादे जुने इंजिन पडले असेल तर ते मलासुद्धा विकू नका. आपल्या दारीच राहू द्या. फक्त एकदा पाहायला बोलवा. हँडल मी घेऊन येईन.