बेरीहून बाबांना

मँचेस्टर, मंगळवार
ऑक्टोबर 2025

ती. बाबांस,


सुखरूप पोचलो. थंडी आहे, पण आईचा स्वेटर पुरतो. आज पिवळ्या ट्रामने बेरीला जाऊन आलो. स्पेलिंग बघून कुणीही ‘बरी’ वाचेल, इथली बरीच माणसं मात्र बेरी म्हणतात. मँचेस्टरच्या उत्तरेला अर्ध्या तासावर असलेलं हे गाव एके काळी सुतावर आणि कापडावर जगायचं.

बाजाराजवळच्या बागेत घुमटाचं एक स्मारक दिसलं. नाव वाचलं: जॉन के. 1733 साली उडत्या धोट्याचं पेटंट घेणारा माणूस, बेरीजवळचाच. त्याआधी विणकराला धोटा या हातातून त्या हातात फेकावा लागे. याने दोरी ओढली की धोटा आपोआप पलीकडे जाईल अशी सोय केली. कारखानदारांनी धोटा वापरला आणि पैसे बुडवले. बिचारा फ्रान्समध्ये हलाखीत गेला. मी तिथे बराच वेळ उभा होतो. तुमच्या मिलमधल्या यंत्रांवर ओतलेली ‘प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम’ ही अक्षरं तुम्ही मला बोट धरून वाचायला लावली होती, आठवतं? ते ओल्डहॅम इथून जवळच आहे.

आलोय मात्र इथल्या फुटबॉल क्लबसाठी. त्याबद्दल उद्या लिहितो.

बेरी, बुधवार

क्लब 24 एप्रिल 1885 चा. गावातल्या दोन चर्चच्या संघांतली माणसं व्हाइट हॉर्स नावाच्या हॉटेलात बसली आणि बेरी फुटबॉल क्लब ठरला. त्याच वर्षाच्या शेवटी आपल्या मुंबईत काँग्रेस भरली, म्हणजे दोघांचं वय एकच. मैदानही तेव्हापासूनचं, गिग लेन. टोपणनाव ‘शेकर्स’, म्हणजे हादरवून सोडणारे.

आणि खरोखर हादरवलं. 1900 साली एफए कप जिंकला, 1903 मध्ये पुन्हा. त्या दुसऱ्या खेपेला अंतिम सामन्यात डर्बीला 6-0 ने हरवलं, आणि अख्ख्या स्पर्धेत एकही गोल खाल्ला नाही. अंतिम सामन्यातल्या एवढ्या मोठ्या विजयाची बरोबरी करायला मँचेस्टर सिटीला 2019 उजाडावं लागलं. त्यानंतर जेमतेम साडेतीन महिन्यांत बेरी क्लब इंग्लंडच्या फुटबॉल लीगमधून बाहेर गेला.

कसं झालं ते सांगतो, कारण तुम्हाला ते ओळखीचं वाटेल. क्लबवर कर्ज चढत गेलं, मैदान गहाण पडलं. 2018 च्या डिसेंबरात नव्या मालकाने अख्खा क्लब 1 पौंडाला घेतला. खेळाडूंचे पगार थकले, तरी त्या पोरांनी 2019 च्या वसंतात संघाला वरच्या श्रेणीत चढवलं. बिनपगारी माणसांनी मिळवलेली ती बढती! पुढे देणी भागवायला पैसा कुठून येणार याचा पुरावा मालकाला देता आला नाही. नव्या मोसमातले सामने एकामागून एक पुढे ढकलले गेले. एका माजी संचालिकेने मैदानावरच्या पावसाच्या पाण्याच्या पाइपला स्वतःला बेडी घालून घेतली.

मंगळवार, 27 ऑगस्टला शेवटची मुदत होती. कुणीतरी विकत घेईल या आशेवर त्या सकाळी शेकडो माणसं बादल्या, झाडू घेऊन मैदान साफ करायला आली. त्याच दिवशी खरेदीदार मागे फिरला आणि रात्री लीगने बेरीला काढून टाकलं. 1894 पासूनचं सदस्यत्व, 125 वर्षांचं.

हे वाचताना तुम्हाला 1982 चा गिरणी संप आठवेल. आपल्या लालबागला भोंगा बंद झाला तेव्हा मी लहान होतो. पण तुम्ही पाळीच्या वेळेला डबा नसताना दारात उभे राहायचात, ते मी विसरलेलो नाही.

बेरी, रविवार

काल सामना पाहिला. गिग लेनला स्टेशनपासून चालत वीसेक मिनिटं लागतात. एका गोलपोस्टमागच्या बाजूला ‘सिमेटरी एंड’ म्हणतात, कारण तिकडे कब्रस्तान आहे. पांढरे सदरे, निळ्या चड्ड्या. माझ्या शेजारच्या आजोबांच्या मफलरीचे धागे सुटले होते, पण ती त्यांनी घडी मोडू न देता मांडीवर ठेवली होती. “त्या मंगळवारी मी पण बादली घेऊन आलो होतो,” म्हणाले, “रात्री रिकामी घेऊन घरी गेलो.”

पुढचं त्यांच्याकडून ऐकलं. काही समर्थकांनी 2019 मध्येच बेरी एएफसी हा नवा क्लब काढला. तो शेजारच्या रॅडक्लिफच्या मैदानावर, दहाव्या श्रेणीपासून खेळू लागला. काहींनी म्हटलं, आधी गिग लेन वाचवा. एकाच घरात दोन मतं, एकाच रस्त्यावर अबोला. मैदानात गवत माजलं होतं. 2022 मध्ये समर्थकांनी सरकारी मदत आणि देणग्या मिळवून ते विकत घेतलं. दोन्ही गटांनी एकत्र यायचं का, यावर पहिल्या मतदानात गणित हुकलं. 2023 मध्ये पुन्हा मतदान झालं, आणि तेव्हा जमलं. मला यातलं दुसरं मतदानच मोठं वाटतं. मैदान पैशाने परत येतं. एकमेकांकडे पाठ केलेली माणसं पुन्हा शेजारी बसली, हे कुठल्या पैशाने झालं नाही.

आता क्लब सदस्यांचा आहे. प्रत्येक सदस्याला एकच मत. या वर्षी एप्रिलमध्ये नवव्या श्रेणीतलं विजेतेपद मिळालं. त्या शेवटच्या सामन्याला आठ हजारांहून जास्त माणसं आली होती. नवव्या श्रेणीला, बाबा! आजोबा ते सांगताना उठून उभे राहिले.

आता संघ आठव्या श्रेणीत आहे. जिथून काढून टाकलं ती श्रेणी अजून दूर आहे.

आपल्या माळ्यावर तुमचा धोटा पडलाय. दिवाळीच्या साफसफाईत तो टाकू देऊ नका. मी आलो की त्यावर तुमच्या मिलचं नाव आणि तुम्ही कामाला लागलात ते साल लिहून ठेवू.

तुमचा,
बाळू