टॉम, जेरी आणि हरवलेली शांतता

चिंचवड, रविवार. चाकणची रात्रपाळी संपवून आज लेकीसोबत २०२१चा ‘टॉम अँड जेरी’ चित्रपट पाहिला आणि मन खट्टू झालं. न्यूयॉर्कचं हॉटेल, हत्तींसकट भारतीय लग्न, माणसांची अखंड बडबड; मांजर-उंदीर मात्र पाहुण्यांसारखे कडेला.

हॅना आणि बार्बेरा या निर्मात्यांनी १९४०मध्ये ही जोडी आणली, तेव्हा तिला संवादांची गरज नव्हती. स्कॉट ब्रॅडलीचं संगीत प्रत्येक आपटण्याला बोलायचं. ‘द कॅट कॉन्सर्टो’ या भागात टॉम मैफलीत संगीतकार लिस्टची रचना वाजवतो आणि पियानोच्या आत झोपलेला जेरी वैतागून उठतो. इंग्रजी न येणारी माझी आजीसुद्धा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायची. नव्या चित्रपटात धावपळ भरपूर; फटका बसण्याआधीचा तो क्षणभराचा विराम मात्र नाही, आणि खरं हसू तिथेच होतं. पालकांनो, मुलांना आधी जुने भाग दाखवा.