पॅरिसमध्ये भेटलेले नागपूर

मुलांनो, २०२३ साली मी चित्रे पाहण्यासाठी नागपूरहून युरोपला गेलो. फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात बोतिचेल्लीची चित्रे पाहताना पाय दुखून आले, तरी तेथून निघवेना. पॅरिसच्या लूव्रमध्ये मात्र निराशा झाली. मोनालिसा किती मोठी असेल, असे तुम्हांला वाटते? उंची अवघी ७७ सेंटीमीटर! त्यात पुढे ही गर्दी. मला तिच्यापेक्षा लोकांची डोकीच जास्त दिसली.

दुसऱ्या दिवशी पाँपिदू केंद्रात गेलो. तेथे सैयद हैदर रझा यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले होते. रझा मंडला जिल्ह्यातले. लहानपणी अभ्यासात त्यांचे लक्ष लागेना, तेव्हा गुरुजींनी भिंतीवर एक बिंदू काढला आणि त्याकडे पाहत बसायला सांगितले. पुढे १९३९ ते १९४३ ते नागपूरच्या चित्रकला शाळेत शिकले. १९५० साली शिष्यवृत्ती मिळवून ते पॅरिसला गेले व सुमारे साठ वर्षे फ्रान्समध्ये राहिले. पन्नाशीनंतर भिंतीवरचा तो बिंदू त्यांच्या चित्रांत जो आला, तो कायमचाच.

अशाच एका काळ्या बिंदूसमोर मी उभा होतो. खरे सांगू? मला लाज वाटली. जन्म नागपुरात गेला, रझा येथे शिकले हे ठाऊकही होते. पण त्यांचे एकही चित्र मी कधी पाहिले नव्हते.

शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी मोडक्या इंग्रजीत विचारले, "आपण कोठून आलात?"

"नागपूरहून."

त्यांना उमगेना. मी चित्रकाराच्या नावाकडे बोट दाखवले आणि म्हणालो, "हे जेथे चित्रकला शिकले, त्या गावाहून."